त्या अर्ध्या तासाचे पैसे कोण भरतं?

नमस्कार दादा,

सकाळी अर्धा तास काहीही न करता बसण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणालात, "मॅडम, हे पोट भरलेल्यांचे चोचले. सातपूरला तीन शिफ्टमध्ये फिरणाऱ्या माणसाला नदीकाठी बसायला वेळ कोण देणार? आणि नुसतं बसून कुणाला सुचत नसतं, सुचतं ते काम करताना." वाचून आधी रागच आला. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. आता लिहिते आहे, कारण तुमच्या चार ओळींतली एक गोष्ट अगदी खरी आहे आणि ती मी लेखातच लिहायला हवी होती.

पण जे पटलं नाही ते आधी सांगते.

मी नाशिकच्या अंबडमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये फिक्श्चर, म्हणजे मशीनवर जॉब (घडवायचा भाग) पक्का धरून ठेवणारी साधनं, डिझाइन करते. गेल्या पावसाळ्यात पातळ भिंतीचं एक ॲल्युमिनियम हाउसिंग, म्हणजे यंत्राचं बाहेरचं कवच, आलं होतं. क्लॅम्प बांधलेला असताना बोअरला, म्हणजे त्यात कापलेल्या गोल भोकाला, गेज लावला तर चोख गोल. क्लॅम्प सोडला की चाळीस-पंचेचाळीस मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) ओव्हल. आम्ही फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) कमी केला, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलला. क्लॅम्पचा टॉर्क (आवळण्याचा जोर) कमी करून पाहिला, तर जॉबच हलायला लागला. नऊ दिवस हेच चाललं होतं आणि रिजेक्शनचा लाल क्रेट रोज भरत होता.

रविवारी सकाळी सोमेश्वरजवळ गोदावरीच्या काठी बसले होते. पाणी गढूळ, चढलेलं. हातात टपरीवरचा कागदी कप. तो निसटायला लागला म्हणून दोन्ही बाजूंनी दाबला, तर तोंड लांबट होऊन चहा काठावर आला. बोटं सैल केली, तोंड परत गोल. मग बुडाला बोट आणि वर काठावर अंगठा असा धरला. आता जोर दिला तरी तोंड गोलच राहत होतं. मी तो कप चारपाच वेळा तसाच दाबून पाहिला. चहा पार निवला.

आमचा क्लॅम्प जॉबला बाजूने चेपत होता. त्या चेपलेल्या अवस्थेत टूल गोल बोअर काढत होतं आणि क्लॅम्प सुटला की भिंत मूळ जागी जाऊन त्या गोलाला लांबट करत होती. सोमवारी फ्लँजवर (हाउसिंगच्या बाहेर आलेल्या सपाट कडेवर) वरून दाबणारे क्लॅम्प लावले, प्रत्येकाच्या बरोबर खाली टेकूसाठी रेस्ट पॅड. बोअरचा ओव्हलपणा दहा मायक्रॉनच्या आत आला. तुम्ही म्हणाल, यात नवीन काय, मुरलेल्या फिटरला हे ठाऊक असतं. असतंच. मीही हे शिकलेली होते. पण नऊ दिवस मशीनसमोर उभं राहून मला फीड आणि टॉर्क यांच्यापलीकडे काही दिसतच नव्हतं.

मात्र ते नऊ दिवस नसते, तर कप हा नुसता कपच राहिला असता. इथे तुमचं बरोबर आहे. आंरी प्वांकारे हा फ्रेंच गणिती पंधरा दिवस रोज एकदोन तास एका प्रश्नाला भिडत होता. पुढे तो सहलीला गेला, गणित डोक्यातून गेलं, आणि कुतांस गावी प्रवासी गाडीच्या पायरीवर पाय ठेवताना एक मोठी कल्पना त्याला सुचली. ती पडताळली घरी परतल्यावर. ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने १९२६ मध्ये या प्रवासाचे चार टप्पे मांडले. मी त्यांना तयारी, मुरणं, उमगणं आणि तपासणी म्हणते. आपण भांडतोय ते मुरण्यावरून. लोणचं घालणं हे काम आहेच, पण रोज बरणी ढवळत बसलं तर ते मुरत नाही.

आता तुमचा खरा मुद्दा, वेळ कोण देणार? याचं उत्तर आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत, त्या जुन्या बौद्ध लेण्यांत, दगडावर कोरलेलं आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा, लेख आहे. त्याने ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) जवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, कायमचे ठेवले. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातल्या २,००० वर दरमहा शेकडा १ व्याज, म्हणजे वर्षाला २४०. ते पावसाळ्यात तिथे वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२. हिशेब चोख जुळतो. डोंगरातल्या त्या शांततेचं व्याज खाली गोवर्धनला माग चालवणारे भरत होते.

माझंही तसंच होतं, आणि लेखात मी ते गाळलं. त्या रविवारी मी नदीकाठी होते तेव्हा दोन्ही मुलांना उठवणं, दूध, नाश्ता, सगळं सासूबाईंनी केलं होतं. तुमची प्रतिक्रिया त्यांना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "खरंच लिहिलंय त्यांनी." आणि भाजी निवडत राहिल्या. त्या दिवसापासून मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळचं स्वयंपाकघर माझ्याकडे आहे. त्या वेळात त्या काय करतात हे मी विचारत नाही. काल ओट्यावर त्यांची रांगोळीची जुनी वही उघडी दिसली.

नाइट संपवून आलेल्या माणसाला मी नदीकाठी बसा म्हणणार नाही, त्याला आधी झोप हवी. म्हणून हा वेळ पगारातच मिळायला हवा असं मला आता वाटतं. शनिवारी आमच्या शेठना सांगितलं, ट्रायल फसली की पुढच्या ट्रायलआधी ऑपरेटरला आणि मला अर्धा तास मशीनपासून लांब बसू द्या, पगार न कापता. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. तुमच्या शॉपमध्ये असं कुणी मागून पाहिलंय का? काय उत्तर मिळालं, ते नक्की लिहा. शेठशी पुन्हा बोलायचं आहे, तेव्हा मला त्याचा उपयोग होईल.