एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : रोल संपताना फिल्म का ताणली जात होती

नमस्कार साहेब, तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. तुम्ही लिहिलंय की आमचा ऑटो टेन्शन कंट्रोलर (फिल्मचा ताण आपोआप सांभाळणारा) स्लिटिंग मशीनला (मोठा रोल उलगडून कमी रुंदीचे रोल कापणारी) लावल्यापासून रोल संपत आला की एलडी फिल्म (मऊ प्लास्टिकची) ताणते, रुंदी कमी भरते, जॉइंटला तुटते, तीन वेळा फोन केला तरी कोणी आलं नाही, माल डुप्लिकेट आहे, आणि याच्यापेक्षा जुना पट्ट्याचा ब्रेक बरा होता.

सोमवारी सकाळी मी स्वतः मरोळला तुमच्या गाळ्यात येऊन गेलो, तुम्ही नव्हता, तुमचे ऑपरेटर मामा होते. चूक आमची आहे. काय चुकलं ते इथेच सगळ्यांसमोर लिहितो कारण तक्रार पण तुम्ही इथेच केलीय.

मामांनी रोल काढून घेतला, उलगडणाऱ्या रोलला मागे धरून फिल्मला ताण देणारा जो ब्रेक आहे, कंट्रोलर जेवढा करंट देईल तेवढा धरणारा, त्याची सप्लाय आम्ही पूर्ण बंद केली, शाफ्टवरच्या रिकाम्या कोअरला दोरी गुंडाळली आणि स्प्रिंग बॅलन्स (स्प्रिंगचा वजनकाटा) लावून हळूहळू ओढली. काटा ४ किलोवर गेला. म्हणजे करंट शून्य असताना ब्रेक एवढा धरून ठेवतोय, आणि तुमच्या २५ मायक्रॉनच्या ३०० एमएम फिल्मला टेन्शन पाहिजे २ किलो! कंट्रोलर बिचारा आउटपुट झिरोवर आणून बसलाय, त्याच्या खाली तो जाणार कुठे?

तुमच्याकडे आम्ही १० किलो-मीटरचा पावडर ब्रेक दिला (हे अंतर नाही, टॉर्कचं, म्हणजे शाफ्ट धरून ठेवणाऱ्या पिळाचं माप : किलो गुणिले मीटर). पावडर ब्रेकमध्ये करंट नसला तरी आतली लोखंडी पावडर आणि बेअरिंग थोडा टॉर्क धरतातच, तुमच्या ब्रेकचा तो भरला ०.२ किलो-मीटर. आता टेन्शन म्हणजे टॉर्क भागिले रोलची त्रिज्या. ६०० डायाचा (व्यास एमएममध्ये) भरलेला रोल असतो तेव्हा हाच टॉर्क फिल्मवर पाऊण किलोपेक्षा कमी येतो, कोणाला कळतही नाही, लोडसेल (फिल्मचा ताण मोजणारा सेन्सर) बघतो आणि कंट्रोलर वरचं टेन्शन बरोबर भरून काढतो. पण डाया २०० झाला की नुसत्या ब्रेकचंच २ किलो होतं आणि तिथून पुढे कोअरपर्यंत ते वाढत ४ वर जातं. म्हणून सुरुवातीला सगळं छान आणि शेवटी घाण. एलडी मऊ असते, ती लगेच ताणते, ताणली की रुंदी आत येते, आणि तशीच गुंडाळली की रात्रभरात आकसून स्लिट रोल इतका घट्ट बसतो की कोअर निघत नाही, तुमच्या टेबलाखाली तसे रोल पडलेले बघितले मी आणि खरंच वाईट वाटलं.

एवढा मोठा ब्रेक का दिला, तर कोटेशनच्या वेळी तुम्ही १००० डायाचा लेबलचा कागद सांगितला होता, त्याला १५ किलो टेन्शन म्हणजे साडेसात किलो-मीटर लागतात, त्या हिशोबाने १० चा घेतला. सगळ्यात पातळ काय चालवता हे आम्ही विचारलंच नाही. तुम्ही सांगायला पाहिजे होतं असं मी म्हणणार नाही, विचारणं आमचं काम होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. मामांनी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, आउटपुट झिरो दाखवतोय तरी टेन्शन चढतंय. अख्खा आजार त्या एका वाक्यात होता! आमच्याकडे फोन घेणाऱ्या मुलाने ऐकून न घेता लोडसेलचा झिरो परत मारा म्हणून सांगितलं, ते पण फिल्म लावलेली असताना, त्याने रीडिंग अजून खोटं झालं. एका दिवशी पावसाने ट्रेन बंद होत्या हे खरं, पण बाकी दोन वेळेला काही कारण नव्हतं. मामांची मी माफी मागितली, तुमची इथे मागतो.

माल डुप्लिकेट आहे हे मात्र मान्य नाही साहेब. लोडसेल आणि ब्रेक दोन्हीचे सिरियल नंबर तुमच्या बिलावर आहेत, मामांसमोर जुळवून बघितले. आणि पट्ट्याचा ब्रेक एलडीसाठी बरा होता हे तुमचं बरोबर, कारण तो पूर्ण सैल सुटायचा. लेबलचा कागद चालवताना मात्र तोच पट्टा कोणी हात लावला नाही तर १००० डायापासून १०० पर्यंत टेन्शन दहापट करेल, मामा दिवसभर नॉब सोडत उभे राहायचे ते त्याच्यासाठीच.

आता करतोय काय, तर शाफ्टच्या दुसऱ्या बाजूला २.५ किलो-मीटरचा छोटा ब्रेक बसवतोय, कंट्रोलरला सिलेक्टर स्विच देतोय. एलडी लावताना मोठ्या ब्रेकला शाफ्टशी जोडणारा टायमिंग बेल्ट काढायचा, नुसता स्विच फिरवून चालणार नाही, नाहीतर तो फिरत राहून तसाच धरेल. छोट्याचा बिनकरंटचा टॉर्क पण आधी आमच्याकडे मोजूनच आणतो. ब्रेक, ब्रॅकेट, लेबर, कशाचेच पैसे घेणार नाही. लोडसेलचा झिरो आणि स्पॅन (ठरावीक वजनाला बरोबर आकडा दाखवणं) फिल्मच्याच रस्त्याने दोरी टाकून, वजन लटकवून परत सेट करू.

शनिवारी सकाळी १० ला येतो. मामांना थांबायला सांगा आणि संपत आलेला एक एलडीचा रोल बाजूला काढून ठेवा, त्याच्यावरच कोअरपर्यंत चालवून बघू.