‘गेमच तर आहे’ म्हणणाऱ्यांनो, आधी पुस्तक वाचा

परत तेच. ‘बीस्ट: द प्रायमॉर्डियल’ या गेमचं नाव निघालं, मी त्यावर दोन वाईट शब्द बोलले, आणि समोरून लगेच उत्तर आलं, “अगं, गेमच तर आहे, एवढं काय मनाला लावून घेतेस?” हे वाक्य ऐकलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. असं म्हणणाऱ्याला पुस्तकाबद्दल काही विचारावं, तर गड्याने ते उघडलेलंही नसतं. कुणीतरी कुठेतरी म्हटलेलं असतं की चाहत्यांनी उगाच पराचा कावळा केला, आणि तेच तो मला ऐकवतो.

तर पुस्तकात काय आहे ते सांगते. अमेरिकेतल्या ऑनिक्स पाथ पब्लिशिंगचा हा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन, फासे टाकत खेळायचा. २०१५ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर पैसे गोळा केले, २०१६ मध्ये पुस्तक आलं. यात तुम्ही खेळता ते पात्र दिसायला साधा माणूस असतो, पण आत आत्म्याच्या जागी एक आदिम दुःस्वप्न बसलेलं असतं. त्याला ते ‘हॉरर’ म्हणतात. या बीस्टांची पाच घराणी: प्रचंड ताकदीने चिरडणारे अनाकिम, अंधारात दबा धरून बसणारे एश्माकी, खोल पाण्यातले मकारा, पाहताच किळस यावी असे नामतारू आणि आभाळातून हेरणारे उगालू. जुन्या इराकातल्या भुताखेतांच्या शेजारी आपल्या गंगेचं वाहनही येऊन बसलंय. कल्पना म्हणून जबरदस्त आहे हे! पुस्तक येणार म्हणून मी डोळे लावून बसले होते, आणि राग त्याचाच आहे.

प्रत्येक बीस्टला एक भूक असते. कुणाला सत्तेची, कुणाला साठा करण्याची, कुणाला शिकारीची, कुणाला विध्वंसाची, कुणाला दुसऱ्याला शिक्षा करण्याची. ती भागवायची कशी? जिवंत माणसांना घाबरवून, लुबाडून, मोडून. न भागवावी तर आतला हॉरर मोकाट सुटतो आणि लोकांच्या स्वप्नांत शिरतो.

इथवर माझी काहीच तक्रार नाही. राक्षस खेळायला मला आवडतं. वर्षानुवर्षं तेच खेळतेय, आणि मला कुणी सोवळं शिकवायला आलं तर मीच त्याला बाहेर काढीन. याच परंपरेतला ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ १९९१ मध्ये आला तेव्हापासून लोक रक्तपिपासू पात्रं खेळताहेत. त्या गेमला धार येते ती त्याच्या ‘ह्युमॅनिटी’च्या पट्टीमुळे. दहापासून खाली शून्यापर्यंत. माणूस मारलास, क्रूरपणे वागलास, की फासे टाक आणि तुझ्यातलं माणूसपण किती उरलं ते बघ. शून्यावर गेलास की पात्र तुझ्या हातून गेलं, खेळ चालवणाऱ्या स्टोरीटेलरच्या ताब्यात. म्हणजे तू काय केलंस याची नोंद गेम स्वतः ठेवतो. रक्त पिताना टेबलावर जी शांतता पसरते ती त्या नोंदीमुळे.

बीस्टमध्ये ही पट्टीच काढून टाकली आहे. तिच्या जागी काय ठेवलं? ‘सटाएटी’. पोट किती भरलं त्याचं माप. कुणाचं काय वाटोळं केलंस याच्याशी त्या मापाला काही देणंघेणं नाही. बाकीच्या भावंड-गेम्समध्ये जिथे विवेक होता, तिथे इथे पोट आहे. ही काही छपाईची चूक नव्हे, हा डिझाइन करणाऱ्यांनी विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. आणि त्यावर बोट ठेवलं की म्हणे आम्ही हळवे!

यावर कळस म्हणजे ते ‘धडे’. बीस्ट लोकांना छळतात ते कशासाठी? तर भीतीतून माणसाला शहाणपण येतं म्हणून. राक्षस हे मानवजातीचे जुने गुरू म्हणे. एखाद्याला रात्रंदिवस दहशतीत ठेवायचं, आणि वर म्हणायचं की मी तुला धडा शिकवला. अहो, हे वाक्य कुणी ऐकलेलं नाही? घरात पट्ट्याने मारणारा बाप हेच म्हणतो. हॉस्टेलवर रॅगिंग करणारा सीनियर हेच म्हणतो. बायकोवर हात उचलणारा नवराही हेच म्हणतो, “तुझ्याच भल्यासाठी.” छळणाऱ्याच्या तोंडची ही सबब जगात कुठेही जा, सारखीच आहे. एखाद्या पात्राने ती द्यावी, मला चालेल. खलनायक असंच बोलणार. पण पुस्तकाने स्वतः मान डोलवत ती सबब खेळाडूच्या हातात द्यायची? नियमांसकट?

आणि मग हीरो. या गेममध्ये ‘हीरो’ म्हणजे बीस्टच्या मागावर असलेली माणसं. किकस्टार्टरच्या वेळी पैसे भरणाऱ्यांना जो मसुदा वाचायला मिळाला, त्यात हे हीरो जवळपास सगळे आत्मकेंद्री, प्रसिद्धीचे भुकेले, कुणाच्याही दुःखाशी सोयरसुतक नसलेले होते. म्हणजे जो छळतो तो समजून घेण्यासारखा, आणि जो त्याला अडवायला उभा राहतो तो मात्र अहंकारी, माथेफिरू. चोराच्या उलट्या बोंबा! ज्या माणसाने आयुष्यात एकदा तरी कुणाविरुद्ध तक्रार केली आहे आणि “हिला फक्त लक्ष वेधून घ्यायचंय” हे ऐकलं आहे, त्याला तो मसुदा वाचताना काय वाटलं असेल?

काही वाचकांना त्यात आणखी वाईट गोष्ट दिसली. बीस्टला स्वतःची ओळख पटणं, आपण इतरांसारखे नाही हे उमगणं, आपल्यासारख्यांचं कुटुंब सापडणं, आणि बाहेरच्या जगाने मागे लागणं, ही सगळी मांडणी समलिंगी माणसांच्या अनुभवासारखी वाचता येत होती. ज्यांना जन्मभर “तुम्ही लोक धोकादायक” असं ऐकवलं गेलं, त्यांच्या वाट्याला भक्षकाचं रूपक? ते चिडले. चिडणारच.

आरडाओरडा झाल्यावर मसुदा बदलला, हीरोंचं चित्रण थोडं मवाळ झालं, हे खरं. बदलला याचं श्रेय ओरडणाऱ्यांना आहे. पण सांगाडा तोच राहिला. पोटाचं माप तिथेच, धडेही आहेतच.

ज्यांना हा राग कळत नाही त्यांना हेही ठाऊक नसतं की हा गेम कुणाच्या हातात पडला. त्याच जगातला आधीचा एक गेम आहे, ‘चेंजलिंग: द लॉस्ट’, २००७ चा. त्यात तुम्ही खेळता ती पळवून नेलेली माणसं. ‘जेंट्री’ नावाचे परीलोकातले धनी त्यांना उचलून नेतात, गुलाम करतात, हवं तसं बदलतात. कशीबशी ती काट्यांच्या कुंपणातून रक्तबंबाळ होऊन परत येतात, आणि घरी बघतात तर त्यांच्या जागी त्यांच्यासारखाच दिसणारा तोतया राहतोय. ती गेली होती हेच कुणाला कळलेलं नाही! छळातून वाचलेल्या कितीतरी खेळाडूंना या गेमने पहिल्यांदा बोलण्याची भाषा दिली. हरवलेला काळ, कुणी विश्वास न ठेवणं, स्वतःच्याच घरात परकं होणं, सगळं त्यात होतं. मीही तो चालवते आणि सेशन संपल्यावर माणसं उठत नाहीत, बोलत बसतात. त्याच चाहत्यांसमोर पुढे बीस्ट आणून ठेवला आणि म्हटलं, आता जरा दुसऱ्या बाजूने खेळा, दुसरी बाजूही बरोबर आहे. विश्वासघात वाटला, आणि तो वाटलाच पाहिजे होता.

“पण टेबलावर काय होणार आहे?” काय होतं ते ऐका. आमच्या ग्रुपमध्ये एक नवा खेळाडू आला होता. दुसऱ्या मुलीचं पात्र घाबरतंय, ती मुलगी स्वतःही गप्प झालीय, हे सगळ्यांना दिसत होतं. हा मात्र थांबेना. मी सीन तोडला तर म्हणाला, “माझं कॅरेक्टर असंच वागेल, पुस्तकातच आहे.” पुस्तकातच आहे! बरोबर आहे त्याचं, पुस्तकातच आहे. म्हणूनच तर मी बोंब मारतेय. ती मुलगी पुन्हा आली नाही. तिला मी कोणत्या तोंडाने सांगू की गेमच तर होता?

आणि हे एकाच पुस्तकापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. २०१८ मध्ये ‘व्हॅम्पायर’च्या पाचव्या आवृत्तीसोबतच्या ‘कॅमारिला’ पुस्तकाने काय केलं? रशियातल्या चेचन्यात समलिंगी पुरुषांना पकडून, कोंडून छळलं जात होतं. ‘नोवाया गझेटा’ या रशियन वर्तमानपत्राने एप्रिल २०१७ मध्ये ती बातमी बाहेर काढली होती, शंभरहून जास्त माणसं पकडली होती, काही मारली गेली होती. खरी माणसं. वर्ष-दीड वर्षात गेमच्या पुस्तकात छापून आलं की तो सगळा गदारोळ म्हणजे चेचन्यातल्या व्हॅम्पायरांवरून जगाचं लक्ष हटवण्यासाठी केलेली खेळी. लोक जिवंतपणी नरक भोगताहेत आणि यांना त्यात कथानकाची कलाटणी दिसली! चाहते उसळले. तेव्हा कुठे नोव्हेंबर २०१८ मध्ये मालक असलेल्या स्वीडनच्या पॅराडॉक्स इंटरॲक्टिव्हने माफी मागितली, विक्री थांबवली, तो भाग काढला, आणि ‘व्हॅम्पायर’ काढणाऱ्या व्हाइट वुल्फ कंपनीचा स्वतंत्र कारभारच बंद करून आपल्यात घेतला. तेव्हाही काही जण म्हणत होते, गेमच तर आहे. छापण्याआधी कितीतरी डोळ्यांखालून ते पान गेलं असणार. एकालाही थांबावंसं वाटलं नाही?

“मग काय, सगळंच गोड गोड लिहायचं?” हा पुढचा ठरलेला प्रश्न. नाही. भयानक लिहा. माझी झोप उडवा. मला असा राक्षस द्या की त्याचं पात्र खेळताना माझेच हात थरथरतील. पण जो चिरडला जातो त्यालाही पुस्तकात नाव द्या, चेहरा द्या, उठून उभं राहण्याचा हक्क द्या, आणि तो उभा राहिला की त्याला वेडा ठरवू नका.

माझ्या टेबलावर एक्स-कार्ड असतं. कुणीही त्याला हात लावला की सीन तिथेच थांबतो, कारण विचारायचं नाही. ‘बीस्ट’ माझ्या टेबलावर चालणार नाही. ज्याला खेळायचाच आहे त्याने खुशाल खेळावा, स्वतःच्या घरी, ज्यांनी आधी सगळं वाचून हो म्हटलंय अशांसोबत. आणि माझ्याशी वाद घालायला येणार असाल तर हीरोंचं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून या.