आपला तो धूप, दुसऱ्याचा तो धूर

डिझेल गाडी घेतलीत, अभिनंदन. आता लोक टोचून बोलणार, तुम्ही फक्त खचू नका. गाडी जपणं सोपं आहे हो, सर्व्हिसिंग वेळेवर केलं की झालं. गाडी चालवताना मन कसं साफ ठेवायचं ही खरी अडचण आहे आणि त्यावर कुठल्याच मॅन्युअलमध्ये एक पान नसतं, म्हणून हा खटाटोप.

पहिली गोष्ट, मागे बघायचं नाही. सायलेन्सरचा पाइप गाडीच्या मागे दिलाय तो काय उगाच? काच पुढे, नाक पुढे, धूर मागे. कोणी म्हणालंच की तुमची गाडी धूर ओकते, तर त्याला पाइप दाखवा आणि विचारा कुठे दिसतोय काळा धूर? दिसणार नाहीच, कारण नव्या डिझेल गाड्या बहुतेक वेळा काळा धूर सोडत नाहीत, आणि जे जास्त त्रासदायक असतं ते नायट्रोजनचे ऑक्साइड आणि मायक्रॉनच्या दहाव्या भागाहून बारीक काजळी, ते डोळ्याला दिसतच नाही. इंजिनात हवा इतकी दाबली आणि तापवली जाते की त्यातलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना चिकटतात, म्हणजे तुम्ही बाहेरून काही आणलंच नाही, हवेचीच हवा हवेला परत दिली. दानच म्हणायचं ते.

दुसरं, वादाला नेहमी आपल्या मैदानावर ओढायचं. आपलं मैदान म्हणजे ॲव्हरेज. डिझेल कमी पितं, म्हणून कार्बन डायऑक्साइड कमी, म्हणून पृथ्वी आपणच वाचवतोय, हे एका दमात म्हणायचं. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण 2.6 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि पेट्रोलच्या लिटरमागे 2.3 किलो, हा आकडा मात्र मध्ये आणू नका, गोंधळ होतो. (किलोमीटरमागे हिशोब केला तर डिझेल तरीही थोडा कमीच कार्बन सोडतं बरं का, खोटं बोलायची गरजच नाही, फक्त वेळेवर थांबायचं.) समोरच्याने फुफ्फुसाचा विषय काढला की आपण हवामानाचा काढायचा, त्याने हवामानाचा काढला की आपण पिकअपचा. युरोपात कित्येक सरकारांनी वर्षानुवर्षं हेच केलं, कार्बन वाचतो म्हणून डिझेलला करात सवलती दिल्या आणि शहरांतली हवा कोणी हुंगायची ते नंतर बघू म्हणाले. मोठ्यांनी घालून दिलेली वाट आहे, आपण चालायचं.

2012 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे कॅन्सर होतो हे नक्की, तंबाखूच्या शेजारी खुर्ची. घाबरू नका, यावर एक फर्स्टक्लास उत्तर आहे. तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. हे शंभर टक्के खरं आहे आणि खऱ्या वाक्याने सुटका करून घेण्यासारखं सुख नाही. पुढे 2021 मध्ये त्याच संघटनेने नायट्रोजन डायऑक्साइडची (त्या न दिसणाऱ्या ऑक्साइडांतलाच एक) वर्षाची मर्यादा हवेच्या घनमीटरमागे 40 मायक्रोग्रॅमवरून थेट 10 वर आणली. पेपर अवघड काढला की पोरं नापास होणारच, त्यात पोरांचा काय दोष.

आता फिल्टर. माझ्या मेव्हण्याची गाडी, रोज चार किलोमीटर जिम आणि चार किलोमीटर परत, एवढंच तिचं आयुष्य. एक दिवस डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. त्याने तीन आठवडे दिव्याकडे बघितलं, दिव्याने त्याच्याकडे. भानगड अशी असते की काजळी अडवणारा फिल्टर भरला की आत सहाशे डिग्रीच्या आसपास तापून ती काजळी जाळावी लागते, त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एका स्पीडने पळाली पाहिजे, जिमपर्यंत जाताना इंजिनच नीट तापत नाही तर फिल्टर काय तापणार. शेवटी गाडीने पिकअप सोडला, मग मेकॅनिककडे. त्याने कपड्याला हात पुसत, आवाज खाली आणून सांगितलं, "साहेब, हे लागतंच कशाला, कापून आतून पोकळ करतो, वरून वेल्ड, बाहेरून बघाल तर तस्संच्या तस्सं, आणि कॉम्प्युटरला सांगतो फिल्टर जागेवर आहे म्हणून." मेव्हणा मला फोन करून म्हणतो, काय हुशार माणूस आहे रे! दिवा गेला. काजळी पण गेली, कुठे गेली ते आपण मघाशी ठरवलंय, मागे बघायचं नाही. तुम्हीही हेच करा, कारण तुमच्या चार किलोमीटरला मुळात डिझेल गाडीच लागत नव्हती हे कबूल करण्यापेक्षा वेल्डिंग स्वस्त.

आणि कॉम्प्युटरशी खोटं बोलायला लाज वाटत असेल तर फोक्सवॅगन आठवा. 2015 मध्ये उघडकीला आलं की जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत असं सॉफ्टवेअर होतं जे तपासणी चालू आहे हे ओळखायचं. चाकं फिरतायत, पण स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे साहेब आलेत, चला शहाण्यासारखं वागा. साहेब गेले की रस्त्यावर परत धिंगाणा, अमेरिकेत तर काही गाड्या मर्यादेच्या 40 पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. इन्स्पेक्शनच्या दिवशीच फक्त भिंतींवर तक्ते लागणाऱ्या शाळेत शिकलेल्या आपल्यासारख्यांना यात धक्का बसण्यासारखं काय आहे मला कळत नाही.

पर्यायवाले भेटतीलच. इलेक्ट्रिक गाडी म्हणाले की लगेच म्हणायचं वीज कोळशाची. वीज थोडी जरी कोळशाची असली तरी पूर्ण कोळशाची समजून बोलायचं, आणि रिफायनरीत, टँकरमध्ये डिझेलवर काय खर्ची पडतं ते बोलायचं नाही. टायरची धूळ तर इलेक्ट्रिकचीही उडते, गाडी जड असते ना, हा मुद्दा खरा आहे म्हणून जपून वापरा, ब्रेक मात्र ती कमी झिजवते हे गिळा. रेंजचा प्रश्न आला की सांगा मला अचानक सहाशे किलोमीटर जावं लागलं तर? गेल्या चार वर्षांत लागलं नाही हा तपशील आहे. प्लग-इन हायब्रिड, म्हणजे प्लग लावून चार्जही होणारी आणि इंजिनावरही चालणारी गाडी, घ्यायचीच असेल तर घ्या, फक्त प्लग कधी लावू नका. सीएनजी म्हणाले तर डिकी गेली म्हणायचं. बस म्हणाले तर, बसही डिझेलचीच की! चाळीस माणसं एका इंजिनावर जातात, आपण एकटे एका इंजिनावर, तुलना करायची कशाला.

शाळेबाहेर पोराला घ्यायला थांबलात तर इंजिन चालू ठेवा, एसी लागतो. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करणं परवडतं असं म्हणतात, ऐकू नका. मागून दप्तर घेऊन पळत येणाऱ्या पोरांची नाकं बरोबर पाइपच्या उंचीला असतात, हा योगायोग.

सिग्नलला पुढे ट्रक आला आणि आत वास शिरला तर काचा वर करून आतली हवा आतच फिरवायचं ते बटण दाबा. गोल बाण असतो त्याच्यावर. दाबताना ट्रकवाल्याला दोन शिव्या द्यायला हरकत नाही, "यांना गाड्या रस्त्यावर आणायला देतंच कोण" वगैरे. आरशात बघू नका म्हटलंय, पण चुकून नजर गेलीच तर मागच्या गाडीत एक माणूस तुमच्या पाइपकडे बघत काहीतरी पुटपुटतोय आणि त्याचा हात डॅशबोर्डवर तेच बटण शोधतोय.