न चालणाऱ्या नळ्यांचे पैसे

नित्याने मोबाइलवर टोयोटाची जीआर यारिस दाखवली आणि कटिंग यायच्या आत वाद पेटला.

"दोन दारं, मागे बसायची बोंब. एवढ्या पैशात इनोव्हा येते," मंग्या म्हणाला. मंग्याची प्रत्येक गाडी शेवटी इनोव्हापाशीच येऊन उभी राहते.

"अरे, तीन सिलिंडर, 1.6 लिटर, आणि 2020 ला आली तेव्हाच ताकद 260 हॉर्सपॉवरच्या आसपास! छप्पर मागे उतरतं केलंय बघ. का? रॅलीच्या गाडीच्या विंगला वारा नीट लागावा म्हणून."

"आणि ती रॅलीची गाडी धावलीच नाही," शिऱ्याने टाचणी लावली. "कोरोनात बारगळली. 2022 ला रॅलीत दुसरीच आली, तिच्या आत नुसता पाइपांचा सांगाडा. तुझी यारिस वरून पांघरलेली!"

खरंय. पण मला यातली मजाच वेगळी वाटते. 1986 च्या जीवघेण्या अपघातांनंतर ग्रुप बी हा रॅलीतला बेफाम गाड्यांचा वर्ग बंद झाला, आणि ग्रुप ए हा साध्या गाड्यांवर बेतलेला वर्ग वरच्या जागी आला. नियम असा, की रॅलीत उतरवायची गाडी आधी 5000 बनवा. पुढे ते 2500 झालं. आता एवढ्या गाड्या खपवायच्या म्हणजे चार माणसं, डिकी, सगळंच हवं. म्हणून तर लॅन्शिया डेल्टा, इम्प्रेझा, लान्सर इव्हो या घरगुती गाड्यांच्या पोटात टर्बो आणि फोर व्हील ड्राइव्ह शिरली. टोयोटाच्या 1994 च्या सेलिका जीटी-फोरमध्ये तर टर्बोच्या अँटी-लॅगच्या, म्हणजे पाय उचलला तरी टर्बो फिरता ठेवणाऱ्या, नळ्या बसवलेल्या, पण रस्त्यावरच्या गाडीत बंद. गिऱ्हाइकाने न चालणाऱ्या नळ्यांचे पैसे मोजले, आणि खुशीने मोजले!

"त्याच सेलिकाने 1995 च्या रॅलीत टर्बोमधून चोरून नियमापेक्षा जास्त हवा ओढली," शिऱ्या म्हणाला. "टोयोटाच्या संघावर वर्षभर बंदी."

"चोरी करायला पण इंजिनिअर लागतो," नित्या.

तेवढ्यात पक्या आला, जुनी सेडिया, म्हणजे मित्सुबिशीची साधी लान्सर, घेऊन. पुढचीच चाकं ओढणारी, टर्बोचं नाव नाही. पण इव्हो सात, आठ, नऊ याच लान्सरच्या अंगावर उभ्या राहिल्या, हे पक्या दर आठवड्याला ऐकवतो. आजही ऐकवलं. नित्याने बॉनेटवरून असा हात फिरवला, की जणू पोळ्याचा बैल.

मंग्या गाडीला एक फेरी मारून मागे गेला. डिकी उघडली, वाकून आत बघितलं.

"डिकी बरी आहे रे."