‘क्रेटाच्या पैशांत मर्सिडीज’: त्या फॉरवर्डला उत्तर

‘नवी क्रेटा घेणारे येडे आहेत. त्याहून कमी पैशांत दहा वर्षांची मर्सिडीज ई-क्लास, बीएमडब्ल्यू फाइव्ह सीरीज नाहीतर ऑडी ए-सिक्स येते. घसारा पहिल्या मालकाने भोगला, आता तुमची मजा!’ हा मजकूर गाड्यांच्या ग्रुपवर सतत फिरत असतो. त्यातले आणि त्याच्या खाली प्रतिक्रियांत येणारे दावे एकेक करून बघू.

‘तिन्ही जर्मन, जी स्वस्त मिळेल ती उचला.’
सगळ्यात महाग पडणारा सल्ला हाच. उदाहरणार्थ, बीएमडब्ल्यू फाइव्ह सीरीजमधल्या 520डी या डिझेल गाडीची 2010 मध्ये आलेली पिढी बघा. सुरुवातीला तिच्यात एन-47 इंजिन होतं. त्याची टायमिंग चेन (झडपा वेळेवर उघडणारी साखळी) मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला. चेन खडखडायला लागली की आधी गिअरबॉक्स उतरवा, मग पुढचं बोला. आणि तुटली तर इंजिनच गेलं. पुढे बी-47 आलं आणि ही तक्रार बरीच कमी झाली. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात, त्यामुळे चॅसिस नंबरवरून इंजिन कोणतं ते काढल्याशिवाय टोकन देऊ नका. ए-सिक्सच्या त्याच काळातल्या 2.0 टीडीआय डिझेलला मल्टिट्रॉनिक सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक पेटी) आहे. ती नीट उघडून बसवणारा माणूस तुमच्या गावात आहे का? मर्सिडीजच्या ई-250 सीडीआय डिझेलच्या सुरुवातीच्या गाड्यांत इंजेक्टरचा (डिझेल फवारणाऱ्या भागाचा) त्रास होता, ते बदलल्याची नोंद मागा.

गिअरबॉक्सचं तेल ‘लाइफटाइम’ आहे असं बीएमडब्ल्यूचे विक्रेते सांगतात. तो गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र 80,000 ते 1,20,000 किलोमीटरदरम्यान तेल बदला म्हणते. मी झेडएफचं ऐकेन.

‘मर्सिडीज चाकणला बनते, ऑडी संभाजीनगरला. पार्ट स्वस्तच असणार.’
इथे गाड्या जोडल्या जातात, आणि त्यातला बराच माल बाहेरून येतो. मुद्दा असा की गाडीची किंमत साठ लाखांवरून बारावर उतरली तरी तिचा हेडलॅम्प साठ लाखांच्या गाडीचाच राहतो. विमाही फार हात देत नाही. साध्या पॉलिसीत दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात, रबर-प्लॅस्टिकवर तर कोणत्याही वयात 50 टक्के. झिरो-डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही.

‘दिल्लीची गाडी आणा, निम्म्यात मिळते.’
का मिळते ते विचारा. हरित लवादाने 2015 मध्ये तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती कायम ठेवली. पुढे नियम मागेपुढे होत राहिले, पण भाव पडायचा तो पडला. इथे आणल्यावर एनओसी (तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला), नवा नंबर आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. हा टॅक्स तुम्ही मोजलेल्या रकमेवर लागत नाही; मूळ किंमत आणि गाडीचं वय धरून लागतो. आरटीओतून आकडा काढून मगच ‘निम्म्यात’ म्हणा.

‘किंमत आता आणखी पडणार नाही.’
पडते. पंधरा वर्षं जवळ आली की गिऱ्हाईक नोंदणीचं नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्स (जुन्या गाडीवरचा कर) दाखवून भाव पाडतं.

‘फक्त 55,000 किलोमीटर, डॉक्टरची गाडी.’
सगळ्या गाड्या डॉक्टरांच्याच असतात! मीटर मागे घेता येतं, पण बीएमडब्ल्यूच्या किल्लीतही किलोमीटरची नोंद असते, कंपनीच्या वर्कशॉपला ती वाचता येते. टायरवरचे चार आकडे तो कोणत्या आठवड्यात आणि वर्षी बनला ते सांगतात. मीटर 55,000 आणि चारही टायर तिसऱ्या खेपेचे, तर खोदून विचारा.

मग घ्यायचीच नाही का? घ्या की. चिन्हाचा हट्ट नसेल तर टोयोटा कॅमरी हायब्रिड, नाहीतर सहा गिअरच्या डीएसजीची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक पेटीची) डिझेल स्कोडा सुपर्ब (1.8 पेट्रोलच्या कोरड्या क्लचच्या सात गिअरवाल्या पेटीपासून लांब रहा). चिन्ह हवंच असेल तर 2013 नंतरची, महाराष्ट्र पासिंगची, एका मालकाची ई-250 सीडीआय. आणि पहिल्या वर्षासाठी दोन-तीन लाख वेगळे काढून.