पांढऱ्यावर पांढरं

रविवारची रात्र, साडेनऊ वाजलेत. मुलीच्या हॉस्टेलचा अर्ज उद्या दुपारी बारापर्यंत द्यायचाय. तुम्ही प्रिंटचं बटण दाबता. प्रिंटर घरघरतो, खाकरतो, आतल्या आत चार येरझारा घालतो आणि मोठ्या डौलात एक कागद पुढ्यात सरकवतो. कोरा. नुसता कोरा नव्हे, परटाकडून इस्त्री होऊन आल्यासारखा कोरा.

आधी तुमचं अभिनंदन. ही अवस्था एका दिवसात येत नाही, त्यासाठी माणसाला वर्षभर नेटानं वागावं लागतं. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत घरटी एक तरी असा साधक सापडेल. ज्यांचा प्रिंटर अजून काळं छापतोय, त्यांच्यासाठी ही साधना थोडक्यात सांगतो. ज्यांना सिद्धी मिळालीय त्यांनी चहा टाकून यावं.

प्रिंटर घ्यावा तो स्वस्तातला बघून, शाईचा भाव न विचारता. घरी आणल्यावर त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालावा आणि वर्षातनं दोनदाच वापरावा. एकदा ॲडमिशनला आणि एकदा गणपतीत आरत्या छापायला. मधल्या काळात सांगलीचा उन्हाळा आपलं काम करतो. प्रिंटरच्या आत शाई उडवणारं हेड असतं, त्याच्या तोंडाशी केसाहून बारीक भोकं असतात, नोझल म्हणतात त्यांना. शाई त्यांच्याशी येऊन बसते, वाळते आणि खपली धरते. आठवड्याला एक रंगीत पान छापलं तर भोकं ओली राहतात, म्हणून चुकूनही छापू नये. ‘उगाच शाई कशाला घालवायची’ हे वाक्य त्यासाठीच आहे. आपल्याकडं हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं टिकायची, तिथं शाईचं काय घेऊन बसलात!

सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे भिंतीवरच्या बोर्डाचं बटण. रात्री झोपताना घरभर फिरून खटाखट बटणं पाडायची, हा आमच्या वडिलांचा नेम होता आणि तो मी चालवतोय. प्रिंटरलाही स्वतःचं बटण असतं, पण ते दाबलं तर तो लगेच बंद होत नाही. आधी हेड कोपऱ्यात नेऊन रबरी टोपीवर बसवतो, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा तसा, आणि मगच झोपतो. एवढा नखरा कोण सहन करणार? बोर्डावरनं बटण पाडलं की हेड असेल तिथं, उघड्या तोंडानं रात्रभर राहतं. मधनंच लाइट गेली तरी तेच होतं, पण ते पुण्य वीजवाल्यांच्या खात्यावर जातं.

असो. आता कोरा कागद हातात आहे आणि घरातली सगळी मंडळी मागं उभी आहेत.

या घडीला प्रिंटरवर संशय घेणं हा त्याचा अपमान आहे. दोष कॉम्प्युटरला द्यावा. झेरॉक्सचं बटण बऱ्याच प्रिंटरवरच असतं. काचेवर एखादा छापील कागद ठेवून ते दाबलं, की कॉम्प्युटरचा संबंध न येता मिनिटात निकाल लागतो. तीही प्रत कोरी आली तर रोग मशिनीतच. नीट आली तर कॉम्प्युटरचं बघायचं. ही परीक्षा इतकी सोपी आहे की ती करण्यात काही मोठेपणा नाही. आमच्या मंडळींनी ती करून बघितली, पण कागद काचेवर सुलटा ठेवला, म्हणजे अक्षरं आभाळाकडं. कोरी प्रत आली. पालथा ठेवायचा असतो हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि माझ्या आलं तरी मी बोललो नाही. बत्तीस वर्षांचा संसार आहे.

मग मिरजेच्या मेहुण्याला फोन लावावा. प्रत्येक घरात एक मेहुणा असा असतो ज्याला ‘कॉम्प्युटरमधलं कळतं’. आमचा रात्री सव्वादहाला गाडीवरनं आला. आल्या आल्या म्हणाला, “दाजी, ड्रायव्हर उडालाय.” आईनं विचारलं, “कुठला रे ड्रायव्हर? लागलं का त्याला फार?” ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला लावणारा प्रोग्राम, हे तिला समजावण्यात पाच मिनिटं गेली, ड्रायव्हर काढून परत टाकण्यात पाऊण तास गेला. शेवटी पान आलं ते आधीच्यापेक्षा पांढरं वाटलं. मेहुण्यानं ते उजेडात धरलं, मान हलवली आणि म्हणाला, “आता ड्रायव्हर तरी लेटेस्ट आहे.”

इथं स्क्रीनवरच्या शाईच्या चित्राकडं नजर जाते. काळी टाकी निम्मी भरलेली दिसते. मग काय, शाई आहेच! सांगलीकराला पातळीचं वेगळं सांगावं लागत नाही. पावसाळ्यात आपण झोपेतनं उठून आधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे ते विचारतो. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा ते आकडे ऐकत आम्ही अख्ख्या रात्री काढल्या. १९२९ साली बांधलेल्या पुलाला पाणी खरोखर लागतं म्हणून तो आकडा खरा असतो. बऱ्याच घरगुती प्रिंटरांचं तसं नसतं. कार्ट्रिजमध्ये, म्हणजे शाईच्या डबीत, कुणी डोकावून बघत नाही. किती थेंब उडवायचा हुकूम दिला ते मशीन मोजत बसतं आणि त्यावरनं उरलेल्या शाईचा अंदाज बांधतं. थेंब भोकातनं बाहेर पडला की आतच अडकला, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणजे कोयना धरणातनं सोडलेलं पाणी कागदावर मांडून सांगलीचा पूर जाहीर करण्यासारखंच आहे हे. पण तुम्ही त्या चित्रावर विश्वास ठेवा. चित्र रंगीत आहे.

नंतरचा अध्याय हेड क्लीनिंगचा. हा मला फार आवडतो, कारण यात माणसाला आपण काहीतरी करतोय असं वाटतं. मेनूत जाऊन ‘क्लीन’ म्हटलं की मशीन भोकांतनं शाई जोरानं ओढून काढतं, खपली सुटली तर सुटली. जाणकार लोक एकदा-दोनदा करतात, मग नोझल चेकचं पान काढून बघतात. त्या पानावर बारीक रेघांची जाळी येते आणि जिथं रेघ तुटलीय तिथलं भोक बंद आहे असं कळतं. तरीही नाही सुटलं तर मशीन काही तास तसंच ठेवतात, ताजी शाई खपलीत मुरू देतात आणि सकाळी पुन्हा बघतात. आपण सकाळपर्यंत थांबणारे लोक आहोत का? आम्ही ओळीनं नऊ वेळा क्लीनिंग केलं. प्रत्येक वेळी प्रिंटर आतनं चूळ भरल्यासारखा आवाज करायचा आणि मेहुणा म्हणायचा, “आता येतंय बघा.” शाई जाते कुठं, असा प्रश्न मुलीनं विचारला. मशिनीच्या बुडाशी स्पंजासारखी गादी असते, तिच्यात जिरते. ही गादीही भरत जाते आणि भरली की एक दिवस मशीन छापायलाच नाही म्हणतं. शाई अशी जिरली की सोन्याच्या भावानं घेतलेली कार्ट्रिज एकही अक्षर न लिहिता रिकामी होते. याला निष्काम कर्म म्हणतात.

नवीन कार्ट्रिज घातली असेल तर तिची टेप काढायला विसरावं. टेपनं कुठं नोझल झाकलेली असतात, कुठं हवा घेण्याचं भोक. ती तशीच राहिली की शाई बाहेर येत नाही आणि तुम्ही दुकानदाराला दोन दिवस मनसोक्त शिव्या देऊ शकता. ज्यांना टेप काढल्याशिवाय राहवत नाही त्यांनी तेवढ्यावर थांबू नये, पुढच्या तांब्याच्या चकाकत्या पट्ट्याही सोलून काढाव्यात. तो कॉन्टॅक्ट असतो. तो गेला की वादच मिटला.

रात्री साडेअकराला घरगुती शल्यचिकित्सा सुरू होते. या विद्येला परंपरा आहे. १९७७ साली जपानमध्ये कॅननच्या एका इंजिनिअरचं तापलेलं सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि सुईच्या टोकातनं शाई उडाली. त्यातनं पुढं शाईला क्षणभर उकळी आणून बुडबुड्याच्या धक्क्यानं थेंब उडवणारी छपाई आली. म्हणजे चुकून हात लागला तरी मशीन जन्माला येतं, मग आपण मुद्दाम लावला तर बंद का पडेल? या विचारानं आईनं सेफ्टी पिन काढून दिली. मेहुण्यानं मुलीचं नेलपेंट रिमूव्हर मागितलं. खाली राहणाऱ्या काकांनी दारातनंच रॉकेल सुचवलं. इन्व्हर्टरला घालायचं डिस्टिल्ड वॉटर घरात होतं. ते जरा कोमट करून, त्यात घडी केलेला टिश्यू भिजवून त्यावर कार्ट्रिजचं तोंड दोन मिनिटं टेकवायचं असतं; रंगीत कार्ट्रिजचे तीन रंगांचे तीन पट्टे उमटले तर भोकं मोकळी, एखादा पट्टा गायब असेल तर तो रंग अडकलाय. हे इतकं साधं आणि बिनखर्चाचं आहे की आमच्यापैकी कुणालाच ते पटलं नाही. पाण्यानं कधी इलेक्ट्रिकचं काम होतं का?

ज्यांच्या मशिनीत हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं, त्यांना नवी कार्ट्रिज घातली की हेडही नवं मिळतं, प्रश्न सुटतो. त्यांच्याशी आमचं फारसं पटत नाही. आमचं मशीन त्याच जातीचं आहे हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, पण ती पुढची गोष्ट.

शेवटी मेहुण्यानं ब्रह्मास्त्र काढलं. “दाजी, काळी काढूनच ठेवतो. रंगीतमधनं काळं मारतंय हे.” ते खरंच आहे. कित्येक मशिनी निळा, गुलाबी आणि पिवळा मिसळून काळा करतात. त्यानं काळी कार्ट्रिज काढून वाटीत ठेवली आणि अर्जाची चारही पानं सोडली. चारही कोरी आली. पुन्हा चार सोडली. तीही कोरी. मेहुण्यानं हेल्मेट उचललं आणि म्हणाला, “हे मशीनच भंगार आहे हो, तुम्ही टाकीवालं घ्या.” टाकीवाल्यातही शाई वाळते हे त्याला सांगायला मी तोंड उघडलं, तोवर तो गल्लीच्या टोकाच्या पुढं गेला असेल.

सकाळी आई खिडकीजवळ त्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन बसली होती. पाठीवर किराणा लिहायला बरे पडतात म्हणून ती एकही कागद टाकत नाही. चष्मा कपाळावर चढवून, कागद उन्हात तिरपा धरून तिनं हाक मारली. “अरे, ह्याच्यावर कायतरी हाय की. लग्नाच्या पत्रिकेला हळद लागल्यागत.”

मी कागद घेतला. काहीच दिसेना. तिनं माझा हात धरून कागद आणखी तिरपा केला, आणि पांढऱ्यावर फिकट पिवळं अक्षर वर आलं. मुलीचं नाव. आईचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता, ब्लड ग्रुप, अटी मान्य असल्याची खूण. निळा अडकला होता, गुलाबी अडकला होता. पिवळा मात्र रात्रभर आठही पानं इमानेइतबारे लिहीत होता आणि आम्ही ती एकेक करून बाजूला फेकत होतो. हळदीच्या बाजारपेठेत राहून आम्हाला पिवळा दिसला नाही! आई पत्ता वाचायला लागली तर पिनकोडपर्यंत सगळा बरोबर निघाला.

आता इथं कच्चा माणूस काय करेल? अर्जाची फाईल व्हॉट्सॲपवर झेरॉक्सवाल्याला पाठवेल, पाच-दहा रुपयांत काम करून घेईल आणि नोझल भिजवायला संध्याकाळी टिश्यू घेऊन बसेल. तुम्ही तसलं काही करू नका. रात्रभराच्या मेहनतीचं चीज झालं पाहिजे. ती चार पिवळी पानं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालावीत, वर एक पुठ्ठा ठेवावा आणि कॉलेजच्या रस्त्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात न्यावीत. दुकानात गर्दी असतेच. आपला नंबर आला की पानं काउंटरवर ठेवून आवाज न चढवता सांगावं, “एवढ्या चार कॉप्या. जरा डार्क मारा.”

मी तसंच केलं. त्यानं पहिलं पान उचललं, पुढनं बघितलं, पाठीमागनं बघितलं. मग दुसरं, तिसरं, चौथं. माझ्याकडं एकदा बघितलं. मशीनचं झाकण उघडून कागद काचेवर ठेवला, पालथाच ठेवला, शिकलेला माणूस, आणि डार्कचं बटण तीनदा दाबत मला विचारलं, “पाठपोट काढू का?”