बी विंगमधल्या मुलाची वीस मिनिटं

ठाण्यात रात्रीचे दहा वाजतात तेव्हा आमच्याकडे मेलबर्नला अडीच वाजलेले असतात. त्यामुळे बाळकूमच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची भांडणं माझ्या ताटात कायम शिळी पडतात. सकाळी 86 नंबरच्या ट्रॅममध्ये मायकी, म्हणजे इथलं प्रवासाचं कार्ड, टेकवून बसलो की आधी तीच उघडतो. फ्लॅट भाड्याने दिलाय, मी 2011 सालीच निघालो, पण ग्रुप काही सोडवत नाही.

यंदाचं भांडण गणपतीतल्या सांस्कृतिक कार्यक्रमावरून. बी विंगमधला एक मुलगा, कॉलेजात आहे, त्याने लिहिलं होतं की मी स्वतः केलेली गाणी वीस मिनिटं सादर करू का; मराठी रॅप आहे, बीट्सही माझ्याच आहेत. त्यावर पहिला प्रश्न आला, ‘स्वतः केलेली म्हणजे?’ मग ज्येष्ठ नागरिकांची तब्येत निघाली. मग कुणीतरी कराओकेवाला ओळखीचा असल्याचं सांगितलं, सुवर्णकाळातली गाणी ठेवू, सगळ्यांना पाठ असतात. आणि शेवटी ते वाक्य आलंच, ज्याच्यावर पंचेचाळीस अंगठे पडले होते : हल्लीच्या गाण्यांत राम राहिलेला नाही, नवीन चांगलं कुणी करतच नाही.

स्मिथ स्ट्रीटपासून पार्लमेंटपर्यंत मी टाइप करत होतो.

मला चीड येते ती या ‘करतच नाही’ची. तुम्ही ऐकलंत कधी? अंगठे देणाऱ्यांपैकी निदान चौघे 2025 च्या जानेवारीत नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले ऐकायला गेले होते. तिकिटांसाठी अख्खा रविवार लॅपटॉपसमोर. 2,500 पासून 35,000 पर्यंत दर, आणि वर येता-जाताना ट्रॅफिक. हरकत नाही, मीही गेलो असतो. पण त्या कोल्डप्लेने 1998 साली पहिली छोटी सीडी काढली तेव्हा तिच्या प्रती होत्या 500, आणि त्यातल्या बऱ्याचशा ओळखीपाळखीत आणि कंपन्यांना वाटून संपल्या. त्या दिवसांत लंडनमधल्या कुठल्या तरी खोलीत कुणीतरी या पोरांना वीस मिनिटं दिली असणारच. आम्हाला मात्र माणूस थेट स्टेडियमच्या मापाचा झालेलाच हवा. त्याआधी तो पार्किंगमध्येसुद्धा नको.

दुसरं म्हणजे, नवे कलाकार शोधण्याच्या नावाखाली आपल्याकडे शोधतात फक्त गळा. 2008-09 च्या ‘लिटिल चॅम्प्स’ने काय वेड लावलं होतं आठवा. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन. आमच्या घरी त्या वेळेत फोन उचलला जात नसे. गळे अस्सल होते, वादच नाही. पण आठवडेच्या आठवडे ती मुलं गात होती आपल्या आई-वडिलांच्या आणि आजी-आजोबांच्या आवडीची गाणी. इथे सरकारी रेडिओवर ‘ट्रिपल जे’ आहे, त्यांचं ‘अनअर्थ्ड’ 1995 पासून चालू आहे. अट साधी : गाणं तुमचं हवं. मुलं घरात केलेलं गाणं चढवतात, निवेदक आणि श्रोते त्यावर दोन ओळी लिहितात, आवडलं तर ते देशभर वाजतं. गायिका मिसी हिगिन्स 2001 साली तिथूनच पुढे आली, तेव्हा ती अजून शाळेत शिकत होती. खाजगी एफएमवाल्यांनासुद्धा इथे केंद्राच्या प्रकाराप्रमाणे 25 टक्क्यांपर्यंत ऑस्ट्रेलियन गाणी वाजवावी लागतात, आणि त्यातला काही हिस्सा गेल्या 12 महिन्यांत आलेल्यांचा.

हेही लिहिलं की आपल्याकडे हे नव्हतं असं नाही. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर ‘भावसरगम’ असायचं, नवी कविता, नवी चाल. चेंदणीतल्या आमच्या घरात आई वही घेऊन शब्द उतरवून घ्यायची आणि एखादी ओळ निसटली की शेजारच्या काकूंकडे मला पिटाळायची. नवं गाणं म्हणजे घाईने उतरवून घ्यायची गोष्ट होती तेव्हा.

आणि मग, कबूल करतो, हात जरा सैल सुटला. मी टोट पबची गोष्ट घातली. मेलबर्नच्या जॉन्स्टन स्ट्रीटवरचा, बँड वाजवणारा पब, चिकट गालिचा, वर-खाली मिळून जेमतेम जागा. 2010 च्या जानेवारीत दारू-परवान्याच्या अटींपायी तो बंद पडला, तर 23 फेब्रुवारीला हजारो लोक रस्त्यावर उतरले. 2023 मध्ये विकायला निघाला तेव्हा तो वाचवण्यासाठी लोकांनी 30 लाख डॉलरवर वर्गणी काढली. वर्गणी! आपला शब्द, आपला शोध, आणि आपण ती वापरतो डीजेच्या भिंतीसाठी. ट्रिपल आर या इथल्या सामुदायिक रेडिओवर निवेदक स्वतःच्या आवडीने गाणी निवडतात, त्यांना वरून यादी येत नाही, ऑगस्टमध्ये श्रोते पैसे भरतात आणि केंद्र चालतं, वगैरे वगैरे. पाठवून टाकलं आणि कोट झटकत उतरलो.

खजिनदारांचं उत्तर दुपारी आलं. ‘साहेब, विचार उत्तम. आपल्या फ्लॅटचा दोन तिमाहींचा मेंटेनन्स येणे आहे, तेवढी वर्गणी आधी द्यावी.’ सत्तावन्न अंगठे.

त्याहून झोंबलं ते ए विंगमधल्या एका मुलीचं. मी निघालो तेव्हा ती शाळेच्या व्हॅनमध्ये रडत बसायची, आता ऑडिओ एडिटिंग करते. तिने लिहिलं, ‘काका, तुमच्या ट्रिपल जेच्या हॉटेस्ट हंड्रेडमध्ये, म्हणजे श्रोत्यांच्या मतांवरच्या शंभर गाण्यांच्या यादीत, 2024 ला पहिला नंबर अमेरिकेच्या चॅपेल रोनचा होता. दुसरा रॉयल ओटिसचा, ते सिडनीचे, पण गाणं 2001 मधलं, दुसऱ्या कुणाचं. म्हणजे तुमच्याकडेही कराओकेच ना? आणि मराठीत नवीन काही नाही असं तुम्ही म्हणत नाही हे बरंय, पण तुम्ही शेवटचं नवीन मराठी काय ऐकलंत?’

हॉटेस्ट हंड्रेडचं तिचं खरं होतं. मी ती दोन्ही गाणी 2025 च्या जानेवारीत एका बार्बेक्यूला चिमटा हातात धरून ऐकली होती. रचून काय सांगायचं ते सांगता आलं असतं, की तिथे निदान मतदान होतं, की ती आवृत्ती स्टुडिओत नव्याने वाजवली होती. पण तिच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिने यादीच दिली. खानदेशातला संजू राठोड, हा मला ठाऊक होता, कारण त्याची ‘गुलाबी साडी’ इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीतही नाचून गेली. क्रेटेक्स आणि श्रेयस, मराठी शब्दांवर हाऊस, म्हणजे क्लबमधलं नाचाचं संगीत, 2024 मध्ये नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलेलं. ‘स्वदेशी’ या मुंबईच्या रॅप गटातला एमसी मवाली आणि आरेच्या जंगलावर त्यांनी तिथल्याच आदिवासी पाड्यातल्या प्रकाश भोईरांबरोबर 2019 मध्ये केलेलं गाणं. एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या कडूबाई खरात, ज्यांना कुठल्या परीक्षकाने निवडलं नव्हतं, लोकांनी मोबाइलवर एकमेकांना पाठवून मोठं केलं. शेवटी लिहिलं होतं, ‘सापडतं काका. कुणीतरी पाठवलं की सापडतं.’

मी चार दिवस तेच ऐकलं. सगळं आवडलं नाही. काही गाणी मला नुसती जाहिरातीसारखी वाटली, दीड मिनिटात संपणारी, रीलच्या मापाने कापलेली. हे माझं म्हातारपण असेल, पण मत तेच आहे. मवालीच्या गाण्यावर मात्र अडकलो. त्यातला आदिवासी आवाज ऐकताना मला कशाची तरी लाज वाटत होती आणि कशाची ते कळायला ट्रॅमच्या दोन फेऱ्या लागल्या.

बाळकूमची आमची इमारत गावठाणाला लागून आहे. बी विंगमधले बरेच फ्लॅट मूळ जमीनमालकांना मिळालेले, आगरी घरं. एप्रिल-मे आला की मागे हळदीच्या रात्री सुरू. बेंजो पार्टी यायची, पुढे मांडवात बायका फेर धरायच्या, आणि गाणी दरवर्षी नवी असत. खरोखर नवी, त्याच मोसमात रचलेली, गावातल्याच कुणाच्या तरी रेकॉर्डिंगची, पेन ड्राइव्हवरून कोलशेत ते घणसोली, घणसोली ते दिवाळे अशी फिरणारी. नवी गाणी शोधायची यंत्रणा म्हणतात ती माझ्या बेडरूमच्या खिडकीखाली रात्री अकरापर्यंत वाजत होती. मी काय केलं? 2010 च्या मे महिन्यात दहा वाजून पाच मिनिटांनी 100 नंबर फिरवला. नियम दहाचाच आहे, मुलगी लहान होती, मला सकाळी सीप्झला जायचं होतं, सगळं खरं. पण दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवरच्या भोंग्यांबद्दल मी कधी फोन केला नाही. ते ‘वातावरण’ होतं. हळद म्हणजे ‘गोंगाट’. पोलीस आले, बेंजो थांबला, खिडकी लावून आम्ही झोपलो. त्या रात्री कुणाची हळद होती हे मी विचारलंसुद्धा नाही.

मागच्या वर्षीचं सांगतो. इथल्या आमच्या मंडळाच्या गुढीपाडव्याच्या समितीत मी होतो. नर्सिंग शिकायला आलेली एक मुलगी, सांगलीकडची, म्हणाली, मी दोन गाणी केलीत, गिटारवर म्हणू का. मी तिला जेवणाच्या रांगेची वेळ दिली. ‘एकच म्हण, छोटंसं,’ असंही म्हणालो. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण कुठे गेलं म्हणून ओरडत होतो तेव्हा मागे ती गात होती. काय गायली, सांगता येणार नाही. नंतर आम्ही सगळ्यांनी मिळून जुनी गाणी म्हटली, दीड तास, आणि एका काकांचे डोळे भरून आले, आणि माझेही. तेच हवं असतं ना आम्हाला. घर जसं सोडलं तसं ठेवायचं, त्यातलं फर्निचर कुणी हलवायचं नाही. ठाण्यातले लोक निदान ठाण्यात राहून जुनी गाणी मागतात, त्यांना रोजचं ठाणं समोर दिसतं. मला 2011 सालचंच दिसतं. मी त्यांच्यावर कशाच्या जोरावर तुटून पडलो होतो, ट्रिपल आरच्या स्टिकरच्या?

मेंटेनन्स भरला. मग त्या मुलाला वेगळा मेसेज केला, गाणं असेल तर पाठव. त्याने लगेच पाठवलं, तिकडे पहाटेचे साडेतीन असतील. ट्रॅममध्ये कानात घातलं. सुरुवातीला ठाणे-वाशी लोकलच्या दाराचा वारा, मग खाली एक ठेका सुरू झाला आणि मी ताठ बसलो. बेंजो होता. कापून, हळू करून, मागे ढकललेला, पण बेंजोच. वर तो बोलत होता, आगरीत, आजोबांच्या भातशेतीवर आता कुठला मजला आहे याबद्दल. सगळे शब्द मला लागले नाहीत. एक ओळ तर तीनदा मागे नेली.

‘छान आहे’ लिहिलं, मग ते खोडलं. छान हा शब्द आम्ही जेवणाच्या रांगेतल्या गाण्यांना वापरतो. त्याऐवजी विचारलं, हा बेंजो कुठला.

‘आमच्या काकाच्या हळदीचा. पप्पांच्या जुन्या मोबाइलमधे रेकॉर्डिंग होतं,’ त्याने लिहिलं. ‘मधेच बंद होतं म्हणून तेवढाच लूप केलाय.’

मी विचारलं नाही कोणत्या सालचं. त्यानेच पुढे विचारलं, ‘काका, तुम्ही कुठल्या विंगचे?’